हरित उंच इमारतीतील आराम आणि ऊर्जावापर : मोजणीपासून दुरुस्तीपर्यंत

हरित मानांकन असलेल्या उंच निवासी इमारतींत दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात. वीजबिल सांगितले होते तितके कमी येत नाही, ही पहिली. आणि घरातल्या काही खोल्या ठरावीक वेळी इतक्या तापतात, गारठतात किंवा कोंदट होतात की तिथे बसवत नाही, ही दुसरी. व्यवस्थापन समित्या या तक्रारी वेगवेगळ्या फायलींत ठेवतात. बिलाचा प्रश्न विजेच्या कंत्राटदाराकडे जातो आणि उकाड्याचा प्रश्न ज्याच्या त्याच्या सहनशक्तीवर सोडला जातो. वास्तविक या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. ज्याला पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी बसवत नाही, तो एसी १८ अंशांवर लावतो. ज्याच्या घरात शेजारच्या स्वयंपाकाचा वास शिरतो, तो ताज्या हवेची जाळी चिकटपट्टीने बंद करून टाकतो. आणि आराखड्यात हिशेबाने साधलेली बचत अशा एकेका कृतीबरोबर नाहीशी होते.

म्हणून पुढील पायऱ्यांचा क्रम जाणीवपूर्वक ठेवला आहे. आराम आणि ऊर्जा यांची मोजणी एकाच काळात आणि त्याच घरांत करावी, इमारतीच्या बांधणीतील व सामायिक यंत्रणेतील दोष आधी दूर करावेत, आणि रहिवाशांना सवयी बदलायला सांगणे सर्वांत शेवटी ठेवावे. अनेक ठिकाणी सुरुवात सूचनाफलकावर ‘वीज वाचवा’ असे लिहून होते. ज्या घरात पंखा लावूनही झोप लागत नाही, त्या घरावर अशा सूचनेने अन्याय होतो, आणि पुढे मोजणीसाठी दार ठोठावले तर तिथून सहकार्यही मिळत नाही.

पायरी १ : मानांकनाची कागदपत्रे वाचणे

ब्रिटनमध्ये १९९० साली ब्रीॲम ही मानांकन पद्धत सुरू झाली, त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लीड आली, आणि आता अनेक देशांच्या स्वतःच्या पद्धती आहेत. या पद्धतींत जागा, पाणी, बांधकाम साहित्य, कचरा, वाहतूक अशा बऱ्याच बाबींना गुण असतात; ऊर्जा ही त्यांपैकी एक बाब. नव्या इमारतीचे ऊर्जेचे गुण बहुधा संगणकीय प्रतिमानावरून दिले जातात. घरात किती माणसे, किती तास, एसी किती अंशांवर, खिडक्या केव्हा उघड्या, याबद्दलची गृहीतके त्या प्रतिमानात भरलेली असतात. प्रत्यक्ष जगणे त्या गृहीतकांपेक्षा वेगळे असते, म्हणून अंदाज आणि वापर यांत तफावत पडते. या तफावतीत लगेच कुणाची फसवणूक शोधू नये. मात्र ती कुठे पडली हे शोधण्यासाठी मूळ अंदाज हातात असला पाहिजे.

समितीने विकासकाकडून ऊर्जा-प्रतिमानाचा अहवाल, काचेचे तांत्रिक पत्रक, वायुवीजनाचे आराखडे व हवेच्या संतुलनाची चाचणी, आणि पंप, पंखे, लिफ्ट कार्यान्वित करतानाच्या नोंदी लेखी मागून घ्याव्यात. शेवटच्या दोन गोष्टी पुष्कळदा मिळत नाहीत. मिळाल्या नाहीत, तर यंत्रणा बसवली गेली पण चालवून तपासली गेली नाही असे गृहीत धरूनच पुढची पाहणी करावी.

पायरी २ : बिलांची फोड

निदान १२ महिन्यांची, शक्य असल्यास २४ महिन्यांची सर्व बिले एकत्र करून सामायिक मीटर आणि घरांचे मीटर यांचे आकडे वेगळे मांडावेत. घरांचा एकूण वापर घरांच्या एकूण क्षेत्रफळाने भागला की वर्षाला प्रति चौरस मीटर किती युनिट, हा तुलनेचा आकडा मिळतो. सामायिक वापरासाठी मात्र प्रति घर हे माप अधिक उपयोगी पडते, कारण लिफ्ट आणि पंप क्षेत्रफळासाठी नव्हे, माणसांसाठी चालतात.

उंचीचाही भार असतो, हे लक्षात ठेवावे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ब्रिटनमधील कार्यालयांच्या इमारतींची तुलना केली, तेव्हा २० मजल्यांहून उंच इमारतींचा प्रति चौरस मीटर वीजवापर ६ किंवा कमी मजल्यांच्या इमारतींच्या जवळपास अडीचपट निघाला. निवासी इमारतींना हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी वरच्या मजल्यांवर वाऱ्याचा मारा अधिक असतो आणि शेजारच्या इमारतींची सावली मिळत नाही, हे दोन्हीकडे सारखेच आहे. त्यामुळे एखाद्या बैठ्या वसाहतीच्या आकड्याशी आपली तुलना करून निराश होऊ नये.

यानंतर रात्रीचा पायाभार मोजावा. पहाटे २ ते ४ या वेळेत सामायिक मीटरचे वाचन दोनदा घेतले की, कुणी लिफ्ट वापरत नसताना इमारत किती वीज खाते ते कळते. वर्षभर अखंड चालणारा एक किलोवॅटचा भार ८,७६० युनिट घेतो. तेव्हा पायाभारात सापडलेला प्रत्येक किलोवॅट दिवसा केलेल्या अनेक लहान बचतींहून मोलाचा असतो. विद्युत तंत्रज्ञाला सोबत घेऊन, अग्निशमन, आपत्कालीन प्रकाश आणि सुरक्षेची मंडले (सर्किट) वगळून, एकेक मंडल काही मिनिटे बंद करावे आणि मीटरवरचा फरक लिहून ठेवावा. वापरात नसलेल्या दालनाचा एसी, रात्रभर पूर्ण वेगाने फिरणारे वाहनतळाचे पंखे, शोभेच्या पाण्याचा पंप अशा गोष्टी या यादीत निघतात, आणि त्या बंद करायला कुणाची हरकतही नसते.

पायरी ३ : घरांची निवड आणि मोजणी

इमारत मोठी असली तरी सगळी घरे मोजण्याची गरज नसते. १० ते १२ घरे पुरतात, पण ती नीट निवडलेली हवीत. उत्साहाने पुढे येणारी कुटुंबेच घेतली तर चित्र एकांगी होते. छताखालचा मजला, सर्वांत खालचा निवासी मजला आणि मधले काही मजले. पूर्वेची, पश्चिमेची आणि कोपऱ्यावरची घरे. दिवसभर माणसे असलेली आणि दिवसा रिकामी असलेली घरे, असे सगळे प्रकार त्यात यावेत. तान्हे मूल, वृद्ध किंवा आजारी व्यक्ती असलेली दोन घरे तरी आवर्जून घ्यावीत, कारण उष्णतेचा आणि कोंदट हवेचा त्रास त्यांना आधी आणि अधिक होतो.

प्रत्येक घरात बैठकीच्या खोलीत आणि मुख्य शयनगृहात तापमान व आर्द्रता नोंदवणारे एकेक यंत्र, आणि शयनगृहात कार्बन डायऑक्साइड मोजणारे एक यंत्र ठेवावे. दर १० मिनिटांनी नोंद आणि प्रत्येक ऋतूत सलग दोन आठवडे एवढे पुरेसे आहे. वाटप करण्यापूर्वी सगळी यंत्रे एका बंद खोक्यात काही तास शेजारी शेजारी ठेवावीत आणि त्यांच्या वाचनांतला फरक टिपून ठेवावा. हे केले नाही, तर नंतर दोन घरांतला दिसणारा अर्ध्या अंशाचा फरक घरांचा आहे की यंत्रांचा, हे सांगता येत नाही. यंत्र बसलेल्या माणसाच्या शरीराच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण ०.६ ते १.१ मीटरवर असावे. त्यावर ऊन पडू नये, एसीचा झोत येऊ नये, आणि ते टीव्ही किंवा फ्रिजच्या वर ठेवू नये.

हवेचे तापमान मात्र अर्धीच हकीकत सांगते. तापलेली काच, छत किंवा भिंत शरीराकडे उष्णता फेकत असते आणि साध्या तापमापकात ती पुरेशी उतरत नाही. प्रयोगशाळेत त्यासाठी १५० मिलिमीटर व्यासाचा काळा पोकळ गोल वापरतात. समितीला टेबल टेनिसच्या ४० मिलिमीटरच्या चेंडूवर काम भागवता येते: चेंडूला बाहेरून चकाकी नसलेला काळा रंग द्यावा, बारीक भोक पाडून तापमापकाचा संवेदक मध्यभागी बसवावा, भोक बंद करावे आणि चेंडू तारेने टांगून ठेवावा. पंखा बंद असताना, शेजारच्या साध्या तापमापकापेक्षा हा चेंडू दोन-तीन अंश जास्त दाखवू लागला, तर खोलीचा खरा त्रास हवेचा नसून पृष्ठभागांचा आहे हे लगेच कळते.

पायरी ४ : रहिवाशांना विचारणे

यंत्रे ठेवली आहेत त्याच आठवड्यांत प्रश्नावली द्यावी. मागच्या उन्हाळ्याची आठवण जानेवारीत विचारली तर उत्तरे धूसर येतात. पहिला प्रश्न सात पायऱ्यांचा ठेवावा: फार गरम, गरम, किंचित गरम, ठीक, किंचित गार, गार, फार गार. त्याच्या लगेच पुढे, आत्ता आणखी गार हवे, आणखी गरम हवे की आहे तसेच बरे, हे विचारावे. ‘किंचित गरम’ असे लिहून ‘आहे तसेच बरे’ म्हणणारी माणसे पुष्कळ असतात आणि त्यांना तक्रारदार मोजणे चूक ठरते. कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी त्रास होतो, झोप लागते का, बाहेरचा किंवा यंत्रांचा आवाज येतो का, दुसऱ्या घरांतले वास येतात का, हेही विचारावे.

माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रश्न वेगळाच आहे: त्रास झाला की तुम्ही काय करता? कुणी जाळी बंद करतो, कुणी खिडकीला पुठ्ठा लावतो, कुणी दुसऱ्या खोलीत झोपतो, कुणी जास्तीचा हीटर आणतो. इमारत कुठे अपुरी पडते याचा नकाशा या उत्तरांतूनच तयार होतो. ही उत्तरे प्रामाणिक मिळायची असतील, तर घराचे नाव समितीच्या बैठकीत उघड होणार नाही, अशी हमी आधी द्यावी आणि ती पाळावी.

पायरी ५ : आकड्यांचा अर्थ लावणे

डॅनिश संशोधक ओले फँगर यांनी १९७० साली मांडलेल्या सूत्रानुसार माणसाला जाणवणारी उष्णता सहा घटकांवर अवलंबून असते: हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचे तापमान, आर्द्रता, हवेचा वेग, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. त्यांच्याच मांडणीत, परिस्थिती अगदी समतोल असली तरी सुमारे ५ टक्के माणसे असमाधानी राहतात. म्हणून शंभर टक्के समाधान हे उद्दिष्ट ठेवू नये. ॲशरे या तापन-शीतन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या ५५ क्रमांकाच्या मानकात ८० टक्के लोकांना मान्य होईल अशी स्थिती अपेक्षिली आहे.

खिडक्या उघडून राहणाऱ्या घरांसाठी रिचर्ड द डिअर आणि गेल ब्रेगर या संशोधकांच्या १९९८ च्या कामातून आलेले समायोजी सूत्र, म्हणजे माणूस बाहेरच्या हवामानाशी जुळवून घेतो हे धरणारे सूत्र, वापरावे. अलीकडच्या दिवसांतील बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.३१ ने गुणून त्यात १७.८ मिळवले की घरातले सुखद तापमान मिळते. बाहेरची सरासरी ३० अंश असेल तर उत्तर २७.१ येते, आणि त्याच्या आजूबाजूला साडेतीन अंशांपर्यंत, म्हणजे २३.६ ते ३०.६ पर्यंत, ८० टक्के माणसांना चालते. बाहेरची सरासरी १० ते ३३.५ अंशांच्या दरम्यान असेल आणि खिडक्या खरोखर उघडता येत असतील, तरच हे सूत्र लागू होते. पंचविसाव्या मजल्यावर सुरक्षेसाठी खिडकी १० सेंटिमीटरच उघडत असेल, तर कागदावर ‘नैसर्गिक वायुवीजन’ लिहिलेले असूनही त्या घराला ही सवलत देता येत नाही.

पृष्ठभागांच्या तापमानाचे महत्त्व एका हिशेबाने पटते. शांत हवेत जाणवणारे तापमान हे हवा आणि पृष्ठभाग यांच्या तापमानांची साधारण सरासरी असते. समजा पश्चिमेच्या खोलीत पृष्ठभागांची सरासरी ३३ अंश आहे. एसीने हवा २४ अंशांवर आणली तरी जाणवते साडेअठ्ठावीस. माणूस नाइलाजाने २० वर आणतो, तेव्हा कुठे साडेसव्वीस जाणवते. अशा घराला ‘एसी २६ वर ठेवा’ हा सल्ला देऊन उपयोग नाही. आधी ते ३३ कमी करायला हवेत.

हवेचा वेग हा सर्वांत स्वस्त घटक आहे. अंगावर सेकंदाला ०.८ मीटर वेगाने वारा असेल, तर माणसाला साधारण अडीच ते तीन अंश जास्त तापमान सहज चालते. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी विजेवर चालणाऱ्या) मोटरचा छताचा पंखा पूर्ण वेगाला सुमारे ३० वॅट घेतो, जुना पंखा ७० ते ७५. देखणेपणासाठी छताचे पंखे वगळलेल्या इमारती मानांकनात कितीही वर असोत, रहिवाशांच्या हातातले सर्वांत सोपे साधन त्यांनी काढून घेतलेले असते. कडीला जागा असेल तिथे पंखे परत लावावेत आणि त्यासोबत एसीचे तापमान वाढवावे.

पायरी ६ : काच आणि सावली

उंच इमारतीत उष्णतेचे मुख्य दार काच असते. दुपारनंतर पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर स्वच्छ उन्हात प्रति चौरस मीटर ६५० वॅटच्या आसपास ऊन पडू शकते. काचेचा सौर उष्णता गुणांक, म्हणजे पडलेल्या उन्हातल्या उष्णतेचा आत येणारा हिस्सा, ०.७ असेल, तर ३ चौरस मीटरच्या खिडकीतून १,३६५ वॅट उष्णता आत येते, जणू खोलीत एक हीटर लावून ठेवला आहे, गुणांक ०.२५ असेल तर तीच ४९० वॅट होते. पहिल्या पायरीत मिळवलेले काचेचे पत्रक इथे कामाला येते. पत्रकातला गुणांक आणि प्रत्यक्ष लागलेली काच एकच आहे का, हे दुहेरी काचेच्या मधल्या पट्टीवरील छाप पाहून तपासावे.

उन्हाला काचेच्या बाहेर अडवणे हे आत अडवण्यापेक्षा कितीतरी प्रभावी असते, कारण आतल्या पडद्यापर्यंत पोचलेली उष्णता खोलीत आलेलीच असते. दिवस मावळतीकडे झुकल्यावर ऊन आडवे येते, त्यामुळे पश्चिमेला आडवा छज्जा फारसा कामाचा नसतो. तिथे उभ्या पट्ट्या, सरकते झडप किंवा बाहेरचे गुंडाळते पडदे लागतात. वरच्या मजल्यांवर वाऱ्याचा जोर मोठा असल्याने असे काही बसवण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा आणि अग्निसुरक्षा सल्लागाराचा लेखी होकार घ्यावा, आणि ते घरोघरी वेगवेगळे न करता संपूर्ण बाजूसाठी एकच रचना करावी. बाहेर काहीच शक्य नसेल, तर काचेलगत बसणारे, बाहेरच्या बाजूने पांढरे असलेले पडदे हा दुय्यम उपाय आहे. काचेवर फिल्म लावण्याची घाई करू नये. दुहेरी काचेवर चुकीची फिल्म लागली तर काच असमान तापून तडकू शकते, म्हणून काच उत्पादकाला विचारूनच ती निवडावी.

थंड हवामानात हाच प्रश्न उलट बाजूने येतो. एकेरी काचेतून उष्णता बाहेर जाण्याचे प्रमाण, म्हणजे यू-मूल्य (दर चौरस मीटरला, तापमानातील दर अंश फरकामागे वॅट), साधारण ५.८ असते, साध्या दुहेरी काचेचे २.८, आणि लो-ई (उष्णतेचे उत्सर्जन कमी करणाऱ्या) लेपाच्या, आर्गॉन वायू भरलेल्या दुहेरी काचेचे १.२ च्या आसपास. काचेशेजारी बसल्यावर गारठा जाणवणे आणि काचेवर दव धरणे ही त्याची खूण. बाल्कनीचा स्लॅब भिंतीतून सरळ आत येत असेल, तर त्या जोडाजवळचा कोपरा थंड राहतो, आणि पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांवर टिकली की तिथे बुरशी धरते. ती पुसून किंवा रंगवून जात नाही. जोडाला उष्णतारोधक द्यावा लागतो.

पायरी ७ : हवा कुठून येते आणि कुठे जाते

ॲशरेच्या ६२.२ मानकानुसार घराला लागणारी ताजी हवा अशी काढतात: प्रति चौरस मीटर सेकंदाला ०.१५ लिटर, आणि शयनगृहांच्या संख्येत एक मिळवून येणाऱ्या आकड्यामागे प्रत्येकी साडेतीन लिटर. ८० चौरस मीटरच्या, दोन शयनगृहांच्या घराला १२ अधिक साडेदहा, म्हणजे सेकंदाला २२.५ लिटर किंवा तासाला ८१ घनमीटर हवा लागते.

ती मिळते का, हे कार्बन डायऑक्साइडच्या नोंदीतून कळते. झोपलेली प्रौढ व्यक्ती तासाला साधारण १३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते आणि बाहेरच्या हवेत तो सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. दोन माणसे झोपलेल्या खोलीत पहाटे वाचन १,५०० वर स्थिरावले असेल, तर वाढ १,०८० ची झाली. २६ लिटरला तेवढ्या प्रमाणाने भागले की खोलीत तासाला सुमारे २४ घनमीटर हवा येत होती असे निघते. वाचन २,५०० पर्यंत चढत असेल तर खोली जवळपास बंद डबाच आहे. अशा वेळी शयनगृहाच्या दाराखाली फट आहे का, जाळी उघडी आहे का आणि न्हाणीघराचा निष्कासन (एक्झॉस्ट) पंखा खरोखर हवा ओढतो का, हे याच क्रमाने पाहावे. पंख्याच्या जाळीवर पातळ कागद धरला आणि तो चिकटून राहिला नाही, तर पंखा फक्त आवाज करत आहे.

काही इमारतींत ताजी हवा मजल्यावरच्या सामायिक मार्गिकेत सोडतात आणि ती दारांखालून घरांत जाईल असे मानतात. व्हँकूवरमधील एका १३ मजली निवासी इमारतीत शोधवायू (हवेचा माग काढण्यासाठी सोडलेला वायू) वापरून मोजणी झाली, तेव्हा या हवेचा फार थोडा भाग घरांपर्यंत पोचत असल्याचे आणि वरच्या घरांना खालच्यांपेक्षा पुष्कळ जास्त हवा मिळत असल्याचे आढळले. बाकीची हवा लिफ्टच्या आणि जिन्याच्या पोकळ्यांत गेली. म्हणजे ती हवा तापवायला किंवा थंड करायला खर्च झालेली ऊर्जाही गेली. नव्या हरित इमारतीत प्रत्येक घराला स्वतंत्र, उष्णता परत मिळवणारे वायुवीजन असेल तर हा दोष टळतो. पण मग त्याचे फिल्टर वेळेवर बदलले जातात का, हा प्रश्न प्रत्येक घराचा होतो, आणि समितीने ते काम एकत्र कंत्राटात घेणेच श्रेयस्कर.

या सगळ्यामागे उंचीचा एक नियम काम करत असतो. आत आणि बाहेर तापमानात फरक असला की उंच इमारतीत दाबाचा फरक तयार होतो: दर मीटर उंचीमागे, दर अंशामागे सुमारे ०.०४ पास्कल (पास्कल हे दाबाचे एकक). १०० मीटर उंचीच्या इमारतीत आत २२ आणि बाहेर २ अंश असतील तर एकूण ८० पास्कल होतात, साधारण निम्मे तळाशी आत ढकलणारे आणि निम्मे माथ्याशी बाहेर ढकलणारे. २ चौरस मीटरच्या दारावर ४० पास्कल म्हणजे ८ किलोच्या वजनाइतका जोर. थंडीत तळमजल्याची दारे जड होणे, लिफ्टची दारे नीट न मिटणे, पोकळीतून शिट्टीसारखा आवाज येणे आणि खालच्या घरांचे वास वर जाणे, या साऱ्यांचे कारण तेच. उपाय मजले एकमेकांपासून अलग करण्यात आहे: घराच्या मुख्य दाराला चारही बाजूंनी रबरी पट्टी, नळ व तारा जिथे स्लॅबमधून जातात तिथे अग्निरोधक भरण, आणि प्रवेशद्वाराशी दुहेरी दारांची जागा. धूर बाहेर काढण्यासाठी ठेवलेल्या वाटा मात्र अग्निसुरक्षा तज्ज्ञाशिवाय कुणीही बुजवू नयेत. स्वयंपाकघरांच्या सामायिक निष्कासन पोकळीत प्रत्येक घराच्या जोडणीवर हवा उलट येऊ न देणारी झडप आहे का, ती तेलकट थराने अडकलेली तर नाही ना, हेही याच फेरीत पाहून घ्यावे.

पायरी ८ : एसीची बाहेरची युनिटे

हा दोष इतका सर्वत्र आढळतो आणि इतका कमी ओळखला जातो की तो वेगळा सांगायला हवा. दर्शनी भाग स्वच्छ दिसावा म्हणून सर्व घरांची बाहेरची युनिटे एका अरुंद खाचेत एकाखाली एक बसवतात आणि पुढे जाळी लावतात. खालच्या युनिटने सोडलेली गरम हवा वर चढते, वरचे युनिट तीच हवा ओढते, आणि असे करत वरच्या मजल्यांच्या युनिटना बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अंश गरम हवा मिळते. एसीची कार्यक्षमता बाहेरच्या हवेच्या दर अंशामागे साधारण दोन-तीन टक्क्यांनी घटते. शिवाय दाब वाढल्याने कॉम्प्रेसर मध्येच बंद पडतो.

तपासणी सोपी आहे. अनेक घरांत एसी चालू असतील अशा संध्याकाळी, खाचेतील खालच्या, मधल्या आणि वरच्या युनिटच्या हवा ओढणाऱ्या बाजूला संवेदक लावावे. वरच्या युनिटला येणारी हवा मोकळ्या हवेपेक्षा पाच-सहा अंशांनी गरम निघाली, तर जाळीच्या आडव्या पट्ट्या विरळ करणे, युनिटने फेकलेली हवा जाळीबाहेर नेणारा आखूड डक्ट लावणे आणि खाचेत मजल्यागणिक आडवे अडसर देणे हे उपाय करावेत. त्या घरांना नवे, महागडे एसी घ्यायला सांगण्यापूर्वी हे झालेच पाहिजे.

पायरी ९ : सामायिक यंत्रणा

एक घनमीटर पाणी १०० मीटर चढवायला तत्त्वतः ०.२७ युनिट लागतात; मोटर आणि पंप यांची एकत्रित कार्यक्षमता ५० टक्के धरली तर सुमारे ०.५५. रोजचे चढवलेले पाणी आणि पंपाच्या मीटरचे युनिट यांचा भागाकार करून पाहावा. उत्तर ०.८ च्या घरात येत असेल, तर पंप झिजलेला आहे किंवा कामापेक्षा मोठा आहे. सगळे पाणी माथ्यावरच्या टाकीत नेऊन खालच्या मजल्यांना दाब कमी करणाऱ्या झडपांतून देणे म्हणजे चढवलेली ऊर्जा झडपेत मारणे होय. खालच्या मजल्यांसाठी मधल्या उंचीवर टाकी किंवा वेगळा पंप असावा.

पंख्यांचा नियम वेगळा असतो. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्के केला की वीज जवळपास निम्मी होते, आणि वेग निम्मा केला की एक-अष्टमांश. वाहनतळाचे पंखे कार्बन मोनॉक्साइडच्या संवेदकावर आणि बदलत्या वेगावर चालवले तर मोठी बचत होते. टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला मात्र हा घनाचा नियम लागू पडत नाही, कारण त्याला उंचीचा दाब काहीही झाले तरी उचलावाच लागतो. वेग बदलणारे यंत्र विकायला येणारे हा फरक सांगत नाहीत.

केंद्रीय गरम पाण्याची व्यवस्था असेल, तर फिरत्या नळांतून जाणारी उष्णता मोजावी. चांगले आवरण असलेला नळही मीटरमागे १० वॅटच्या आसपास घालवतो. ५०० मीटर नळ म्हणजे ५ किलोवॅट, वर्षाला ४३,८०० युनिट. उघडा नळ त्याच्या तीन-चार पट घालवतो, म्हणून झडपा आणि वळणांसकट आवरण पूर्ण करावे. कोमट पाण्यात वाढणाऱ्या लीजिओनेला या रोगकारक जीवाणूच्या धोक्यामुळे साठ्याचे तापमान ६० अंश आणि परतीच्या नळाचे ५० अंशांच्या वर ठेवतात. बचतीसाठी ते खाली आणू नये.

मार्गिकांचे दिवे हालचालीच्या संवेदकावर ठेवावेत आणि लिफ्टच्या केबिनचे दिवे-पंखे लिफ्ट थांबलेली असताना आपोआप मिटावेत. याहून जास्त खल करण्याचे कारण नाही. छतावरच्या सौर पॅनेलकडूनही वाजवी अपेक्षा ठेवावी. ६०० चौरस मीटर छतापैकी निम्मे वापरता आले तर साधारण ६० किलोवॅटची पॅनेल बसतात आणि चांगल्या उन्हात वर्षाला ८० हजार युनिटच्या आसपास मिळतात. वर्षाला ३,००० युनिट वापरणारी १२० घरे असतील तर ती गरजेच्या पाचव्या हिश्श्याहून थोडीच जास्त होतात. सामायिक भारासाठी ते उत्तम आहे. संपूर्ण इमारत सूर्यावर चालेल असे कुणाला सांगू नये.

पायरी १० : खर्चाची वाटणी आणि रहिवाशांशी बोलणे

घरोघरी स्वतंत्र मोजणी असली की वापर जपून होतो. पण केंद्रीय उष्णता किंवा शीतन असलेल्या इमारतीत पूर्णपणे मीटरप्रमाणे वाटणी करणे न्याय्य ठरत नाही. मधल्या घराला चारही बाजूंच्या शेजाऱ्यांची ऊब किंवा गारवा मिळतो. कोपऱ्यावरच्या आणि छताखालच्या घराला बांधणीमुळेच जास्त लागते. जर्मनीच्या नियमांत केंद्रीय उष्णतेच्या खर्चापैकी किमान ५० आणि कमाल ७० टक्के मोजलेल्या वापरानुसार आणि उरलेला क्षेत्रफळासारख्या स्थिर मापाने वाटतात. असा मध्यम मार्ग इतरत्रही विचारात घेण्याजोगा आहे.

दोष दुरुस्त झाल्यानंतर रहिवाशांना एकाच पानाची माहिती द्यावी, आणि ती त्यांच्या घराच्या दिशेप्रमाणे वेगळी असावी. पश्चिमेच्या घराला पडदे किती वाजता ओढावेत, रात्री कोणत्या दोन खिडक्या उघडल्या तर वारा आरपार जातो, वायुवीजनाचा स्विच कोणता आणि तो कायम चालू का ठेवायचा, फिल्टर केव्हा बदलणार, एवढे त्यात पुरे. सुधारणा झाल्यावर काही घरांचा वापर वाढलेलाही दिसेल. आजवर उकाडा सोसणाऱ्या वृद्ध दांपत्याने दुपारी दोन तास एसी लावायला सुरुवात केली, तर ती उधळपट्टी नाही. तो त्या इमारतीचा अपेक्षित लाभ आहे आणि अहवालात त्याची तशीच नोंद करावी.

पायरी ११ : पुन्हा मोजणी

दोन वर्षांची बिले सरळ शेजारी ठेवून बचत सांगू नये, कारण एक उन्हाळा दुसऱ्यासारखा नसतो. प्रत्येक महिन्याचे अंश-दिवस काढावेत, म्हणजे रोजचे सरासरी तापमान ठरवलेल्या पायापेक्षा किती अंशांनी वेगळे होते (शीतनासाठी वर, तापनासाठी खाली) त्याची महिन्याची बेरीज. आडव्या अक्षावर अंश-दिवस आणि उभ्या अक्षावर युनिट मांडून बिंदूंतून रेघ काढली की दोन गोष्टी वेगळ्या होतात. रेघ उभ्या अक्षाला जिथे छेदते तो हवामानाशी संबंध नसलेला पायाभार; रेघेचा चढ म्हणजे हवामानावर अवलंबून असलेला वापर. पंप, दिवे, पंखे यांवरच्या कामाने रेघ खाली सरकायला हवी. काच, सावली आणि बाहेरची युनिटे यांवरच्या कामाने तिचा चढ कमी व्हायला हवा. पाया म्हणून १८ अंशांचा आकडा रूढ आहे, तरी बिंदू रेघेला अधिक जवळून जुळतील असा पाया आपल्या इमारतीसाठी शोधून तोच दरवर्षी वापरावा.

आरामाची मोजणीही त्याच घरांत, त्याच जागी, त्याच महिन्यात आणि त्याच प्रश्नावलीने करावी. पाचव्या पायरीतल्या सुखद तापमानाच्या मर्यादेबाहेर गेलेल्या तासांची संख्या खोलीनिहाय मांडावी. पूर्ण घराची सरासरी काढली की पश्चिमेचे तापलेले शयनगृह उत्तरेच्या गार बैठकीत लपून जाते. वीज कमी झाली पण मर्यादेबाहेरचे तास वाढले, असे एखाद्या घरात दिसले, तर ती बचत धरू नये आणि त्या घराची पाहणी सहाव्या पायरीपासून पुन्हा सुरू करावी. यंत्रांच्या जागा, त्यांच्यातील वाचनाचा फरक, निवडलेला पाया आणि प्रश्नावलीची कोरी प्रत एका फाइलमध्ये ठेवून ती समिती बदलताना नव्या समितीकडे सही घेऊन सोपवावी.